गाडगेबाबांच्या डोक्याचा प्लास्टरचा साचा : तुकडे किती, जोड कुठं?

दर्यापूरकर

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयासाठी गाडगेबाबांचं डोकं मातीत केलं आहे. मापाला खऱ्या माणसाएवढं, गळ्याशी संपवलेलं. माती कुंभारवाड्यातलीच, चाळून-मळून घेतलेली. लहानपणी बाबांचं कीर्तन ऐकलेले एक आजोबा येऊन बराच वेळ पाहत बसले आणि "डोयाखालची पिशवी अजून सैल कर" एवढंच म्हणाले. ती केली सैल. आता चेहऱ्याला हात लावायचा नाही.

अडचण पुढची आहे. २३ फेब्रुवारीच्या जयंतीला बसवायचं आहे आणि प्रती तीन हव्यात: वाचनालय, जि.प. शाळा आणि शेजारचं गाव. म्हणजे एकदा वापरून फोडायचा साचा कामाचा नाही. तुकड्यांचा, परत परत जोडता येणारा साचा करावा लागेल असं दिसतं. आणि बाबांचं डोकं म्हणजे साचेवाल्याची परीक्षाच. दाढी गुंतलेली, मिशा ओठावर उतरलेल्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, वर खापर.

तुकडे किती करायचे? जोडाची रेघ कुठून न्यायची? आणि अजून एक, चाचणी म्हणून थोडं प्लास्टर कालवून पाहिलं तर ढवळता ढवळताच दही लागल्यासारखं झालं. पाकीट नवीन होतं. घाई नाही असं म्हणवत नाही, जानेवारी लागला आहे.

रेझिनवाला

एवढा खटाटोप कशाला? सिलिकॉन रबर ब्रशने लावा, वरून प्लास्टरचं दोन भागांचं कवच करा, झालं. रबर ताणून निघतं, कवडी असो की दाढी. तुकड्यांचा साचा म्हणजे आजोबांच्या काळातली गोष्ट.

दर्यापूरकर

भाव विचारला होता. खऱ्या मापाच्या डोक्याला जेवढं रबर लागेल तेवढ्यात आमची वर्गणी संपते, चौथऱ्याला काही उरत नाही. प्लास्टर तालुक्याला मिळतं.

साचेबंद

रबर वाईट नाही, पण धागाकर्त्याने विचारलंय ते सांगतो. जरा लांबेल.

आधी एक गाठ सोडवू. तुम्ही तुकड्यांचा साचा थेट ओल्या मातीवर करायला निघालात, बरोबर? तसं करता येतं, पण तिथे लॉक, म्हणजे साचा जिथं अडकतो ती खाच, लपून बसतो. माती मऊ असते. कानामागे किंवा हनुवटीखाली साचा अडकला तरी माती चेपून जागा देते आणि तुकडा निघून येतो. तुम्हाला वाटतं जमलं. मग त्याच साच्यात प्लास्टर ओतता, ते दगडासारखं होतं, आणि आता तोच तुकडा निघायला तयार नाही. ओढला की कान मोडतो, नाहीतर साच्याचा कोपरा. मातीवर काढलेला साचा निघाला याचा अर्थ तो पुढच्या प्रतीवरून निघेल असा होत नाही. लॉक मोजायचा तो प्रतीवर, मातीवर नाही.

म्हणून जुनी रीत दोन टप्प्यांची आहे. मातीवरून आधी फोडायचा साचा, म्हणजे वेस्ट मोल्ड. त्यातून प्लास्टरची एक पक्की प्रत. ती घासून, दुरुस्त करून, वाळवून, चपडा लाखेचे दोन-तीन हात देऊन बंद करायची, आणि तुकड्यांचा साचा करायचा तो तिच्यावर. काम दुप्पट वाटतं, पण मातीचं डोकं पहिल्याच दिवशी हातून जाणार आहे हे मनाशी धरलं की हीच वाट सुरक्षित.

वेस्ट मोल्डला डोक्याचे दोनच भाग पुरतात. पुढचा मोठा, मागचा टोपणासारखा. रेघ टाळूवरून कानांच्या मागून गळ्यापर्यंत. त्या रेघेवर पातळ पत्र्याचे तुकडे मातीत अर्धे खोचायचे, एकावर एक किंचित चढवून. कोल्ड्रिंकचे डबे कापून छान पत्रे होतात. मधे एखाद-दुसरा पत्रा व्ही आकारात मुडपून लावा, म्हणजे दोन्ही भाग परत जोडताना सरकत नाहीत. पहिला थर अर्धा सेंटिमीटरचा, पाण्यात नीळ घालून. वरचा पांढरा, दोन-अडीच सेंटिमीटर, काथ्या बुडवून. नीळ कशाला? साचा फोडताना पांढऱ्यातून निळं दिसलं की समजायचं, आत बाबा आहेत, हातोडी हळू.

प्लास्टरच्या घाईबद्दल: घमेलं नीट धुता का? जुन्या घट्ट झालेल्या प्लास्टरचे कण राहिले तर नवीन लवकर धरतं.

दर्यापूरकर

घमेलं कोरं होतं, साहेब. पाणीही गरम नव्हतं, उलट हात गारठत होते.

पऱ्हाटी

राजेहो, एवढं लिवलं पन पान्याचं कोनी इचारलं नाही. भाऊ, पानी कुठचं घेतलं? बोरचं असन तं तेच कारन हाय. तुमचा भाग खारपानपट्ट्यातला. आमच्या मामाच्या गावी त्या पान्यात दाय शिजत नाही. मिठानं प्लास्टर लवकर धरते, आमच्या इथचा मूर्तीवाला तं घाई असली की जानून चिमूटभर मीठ टाकते.

साचेबंद

वा! हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पूर्णेच्या खोऱ्यातलं भूजल खारट, आणि थोडं मीठ प्लास्टरचं धरणं नक्कीच घाईचं करतं. नुसती घाई असती तर चाललं असतं. ते मीठ नंतर पृष्ठभागावर पांढरं फुलून येतं आणि आतल्या लोखंडी सळीला गंज चढवतं. पिण्याचे जार मिळतात ना गावात? त्याच पाण्यात परत चाचणी घ्या.

कलाशिक्षक_निवृत्त

पऱ्हाटी यांना +१. मिश्रणाची पद्धतही सांगून ठेवतो, कारण अर्ध्या तक्रारी तिथल्याच असतात. प्लास्टर पाण्यात जातं, पाणी प्लास्टरमध्ये नाही. एक लिटर पाण्याला साधारण दीड किलोच्या आतबाहेर. मुठीतून भुरभुरत सोडायचं, पाण्यावर कोरडी बेटं दिसू लागली की थांबायचं. मिनिट-दोन मिनिटं तसंच मुरू द्यायचं आणि मग हात तळाशी ठेवून बोटांनी हलवायचं, वर हवा न ओढता. रवीने घुसळलं की बुडबुडे, आणि बुडबुडा नेमका नाकाच्या शेंड्यावर येऊन बसतो. घट्ट व्हायला लागलेल्या प्लास्टरात पाणी घालून "वाचवायचं" नाही. ते धरतं, पण भुसभुशीत.

दुकानात मागताना भिंतीचं जिप्सम बॉन्डिंग प्लास्टर गळ्यात मारतील, त्यात भरड घातलेली असते. ते नको.

आणि एक ताकीद. शाळेचं नाव आलं म्हणून. मुलं मदतीला येतील, येऊ द्या, पण ओतलेल्या प्लास्टरात कुणाचाही हात बुडवून "ठसा" घ्यायचा नाही. धरताना ते तापतं, जाड थरात साठ अंशांच्या वर जाऊ शकतं, आणि एकदा धरलं की हात निघत नाही. इंग्लंडमध्ये २००७ साली एका शाळकरी मुलीने कलेच्या तासाला दोन्ही हात प्लास्टरच्या बादलीत घातले आणि बहुतेक सगळी बोटं गमावली. गोष्ट सांगून मुलांना घाबरवा, मला चालेल.

उनाड_वऱ्हाडी

अवांतर: पीओपीवर बंदी आहे ना? सरपंच खोडा घालतील बघा.

चितारओळ_नागपूर

भाऊ, तो वाद विसर्जनाच्या मूर्तींचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२० ची नियमावली, नंतरची कोर्टकचेरी, सगळं पाण्यात सोडायच्या मूर्तींबद्दल. आम्ही इथं नागपूरच्या महाल भागात रोज ऐकतो ते. साचा कोण विसर्जन करते? हां, उरलेलं पातळ प्लास्टर मोरीत ओतू नका. नाली तर नाली, पाइप कायमचा बसतो. बादलीत धरू द्या, मग फोडून फेका.

आता मुद्द्यावर. साचेबंद यांचं बाकी पटलं, पण तुकड्यांचं त्यांनी अजून सांगितलं नाही. मी असतो तर नऊ केले असते. दोन्ही कान वेगळे, दाढीचे तीन, मिशीखाली एक छोटा, कपाळ-चेहरा एक, मागचं डोकं दोन. वरून दोन भागांचं जॅकेट, म्हणजे बाहेरचं कवच.

साचेबंद

नऊ म्हणजे नऊ रेघा घासत बसणं. माझ्या हिशेबाने पाच: चेहरा, दोन कान, दाढीखालचा, मागचा. दाढीचं शिल्प करतानाच खोल फटी थोड्या भरायच्या, प्रत निघाल्यावर पटाशीने परत उघडायच्या. नाकपुड्यांचंही तेच. मूळ प्रतीत मेण भरून बंद करा आणि प्रत्येक प्रतीवर कोरून काढा. दोन मिनिटांचं काम, त्यासाठी साच्यात तुकडा वाढवायचा नाही.

चितारओळ_नागपूर

आणि तीन प्रतींवर तीन वेगवेगळ्या दाढ्या निघतील. कोरणाऱ्याचा हात रोज सारखा नसतो साहेब. साच्याने जे देता येतं ते साच्यानेच द्यावं, असं आमच्याकडं म्हातारे सांगायचे.

साचेबंद

तीस प्रती असत्या तर मीही नऊ केले असते. तीन आहेत.

चाकावरची_माती

तुम्ही दोघं भांडा, तोवर मी धागाकर्त्याला रेघ कशी ठरवायची ते सांगते. आकडा पाठ करून उपयोग नाही, तो डोक्यावरच लिहिलेला असतो.

पक्की प्रत टेबलावर आडवी ठेवा. जो तुकडा ज्या दिशेने ओढणार त्या दिशेला उभं राहायचं, एक डोळा मिटायचा. तिथून जो भाग दिसत नाही तो लॉक. चेहऱ्यासमोर उभं राहिलात तर कानाची पाळ दिसते, पण तिच्यामागची खाच दिसत नाही. म्हणजे चेहऱ्याच्या तुकड्याने कानाच्या कडेवर थांबायचं, मागची खाच दुसऱ्याने घ्यायची. पेन्सिल घ्या आणि जिथं दिसणं संपतं तिथं रेघ मारत चला. तीच तुमची जोडाची रेघ. मग तिला इकडेतिकडे थोडं ढकला, अशा जागी की प्रतीवर जो उंचवटा येणार तो केसात किंवा दाढीत लपेल. गुळगुळीत गालावरून रेघ नेली की घासल्यावरही दिसते. नाकाच्या मधोमध तर कधीच नाही.

मग पहिल्या तुकड्याच्या हद्दीवर मातीची बुटकी भिंत उभी करायची, पृष्ठभागाला काटकोनात. आतल्या भागाला साबणाचा पातळ हात, ओतायचं, धरू द्यायचं. भिंत काढली की कडा सुरीने सरळ करायची आणि तिच्यावर रुपयाचं नाणं उभं धरून गरगर फिरवायचं. गोल वाटीसारखी खाच पडते. पुढचा तुकडा ओतला की त्यात आपोआप खुंटी येते आणि दोन्ही तुकडे एकाच जागी बसतात. प्रत्येक कडेला साबण न चुकता. एक कडा राहिली तर दोन तुकड्यांचा एक होतो, मग कुणाचा देव पाण्यात ठेवायचा तो ठेवा.

साबण म्हणजे कपड्याचा साधा साबण किसून, उकळून, गाळून. लावायचा, फेस ओल्या स्पंजाने टिपायचा, परत लावायचा. तिसऱ्या वेळी बोट फिरवलं की काचेसारखं सरकतं. फेस राहू दिला तर प्रतीवर बारीक खरूज उठते.

दर्यापूरकर

ताई, हे वाचून आत्ताच टॉर्च घेऊन मातीच्या डोक्याभोवती फिरून आलो. समोरून उभं राहिलं की मिशीखालचा ओठ अजिबात दिसत नाही. पण जरा खालून, जमिनीकडून पाहिलं की पूर्ण दिसतो. म्हणजे तो दाढीच्या तुकड्याबरोबर खाली ओढून निघेल, वेगळा करायला नको. बरोबर?

चाकावरची_माती

अगदी. आता तुम्हाला आमची गरज नाही.

चितारओळ_नागपूर

मिशीचा तुकडा मागे घेतो. आठ.

साचेबंद

सहावर या, चहा पाजतो.

दर्यापूरकर

जारच्या पाण्यात चाचणी झाली. फरक डोळ्यांना दिसतो. कालवून झाल्यावर शिंपडायला, पसरायला आरामात वेळ मिळाला आणि बोरच्या पाण्यातला नमुना तोवर हातात उचलता येत होता. पऱ्हाटी भाऊ, पेढे तुमचे.

एक प्रश्न. तुकडे छोटे-मोठे आठ झाले तर उलटं करून प्लास्टर ओतताना ते धरून कोण ठेवणार?

साचेबंद

जॅकेट. सगळे तुकडे प्रतीवर जागच्या जागी बसवून त्यांची बाहेरची बाजू गुळगुळीत, उतरती करायची. तिथेही लॉक नको हं, हे लोक विसरतात. वर साबण लावून दोन मोठ्या वाट्या ओतायच्या, समोरची आणि मागची. शेवटी केलेलं आधी निघतं: आधी जॅकेट, मग चेहरा, मग कान. जोडताना उलटा क्रम. जॅकेटला बाहेरून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधा. सुतळी ढिली पडते, ट्यूब नाही.

प्रत भरीव ओतू नका, डोकं उचलवणार नाही. गळ्यातून थोडं ओतायचं, साचा सगळीकडे फिरवायचा, उरलेलं परत बाहेर. दोन-तीन वेळा. मग काथ्या. साचा आधी पाण्यात भिजवून घ्या, नाहीतर तो कोरडा साचा प्रतीतलं पाणी पिऊन टाकतो.

चाकावरची_माती

"पिऊन टाकतो" यावरून माझा स्वार्थी सल्ला. तोच गुण आम्हा कुंभारकामवाल्यांच्या फायद्याचा. तुमच्या तुकड्यांच्या साच्यात, साबण न लावता, कोरड्यात, मातीच्या पोळ्या दाबून भरा. साचा मातीतलं पाणी शोषतो, माती थोडी आकसते आणि स्वतःहून सुटते. पोकळ डोकं निघतं. वाळवून भट्टीत भाजलं की पक्कं. भद्रावतीला हे काम वर्षानुवर्षं चालत आलंय, आणि तुमच्या कुंभारवाड्यात भट्टी असणारच. साच्याहून प्रत जरा लहान होईल, वाळताना आणि भाजताना मिळून दहा टक्क्यांच्या आसपास धरा.

हे का सांगतेय? शेजारच्या गावची प्रत कुठे बसणार? उघड्यावर असेल तर प्लास्टर पाऊस सोसत नाही. ते पाण्यात थोडं थोडं विरघळतं, दोन-चार पावसाळ्यांत नाक-कान मऊ होतात. तुमचा रंगारी काहीही सांगो.

फक्त साबण लावलेल्या साच्यात माती नीट सुटत नाही. म्हणून मातीची प्रत आधी, प्लास्टरच्या नंतर. आणि साचा वाळवायला चुलीजवळ ठेवू नका. पन्नास अंशांच्या वर त्यातलं बांधलेलं पाणी निघायला लागतं आणि कडा पिठासारख्या होतात. सावलीत, वाऱ्यावर.

दर्यापूरकर

शेजारच्यांची जागा पारावर आहे. उघड्यावरच. मग त्यांची मातीची. कुंभारकाकांना विचारलं तर म्हणाले, "मले वाटलंच होतं तू माह्याकडं येशीन."

कलाशिक्षक_निवृत्त

पार सार्वजनिक जागा आहे. तिथे पुतळा बसवायचा तर जिल्हाधिकारी कार्यालयात परवानगीची चौकशी आधी करायला सांगा त्यांना. वाचनालयाच्या आतली गोष्ट वेगळी. ऐन समारंभाच्या दिवशी पोलीस पाटील हजर, असं नको व्हायला.

रेझिनवाला

माझ्या रबराचं कुणी नाव घेत नाही. बरं, निदान कवडीचं काय करणार ते सांगा. ती प्लास्टरात निघणार नाही, नऊ तुकडे करा की नव्वद.

पऱ्हाटी

कवडी खरीच लावा ना बाप्पा! कानाच्या पायीले बारीक भोक पाडा, तारेनं अडकवा. काच बी तशीच. गावात कासारीन आली की फुटकी बांगडी फुकट भेटते. आन् खापर काऊन प्लास्टरचं करता? कुंभारकाकाले सांगा, मडकं फोडून बुडाचं खापर देईन. डोकं वरून सपाट ठेवा, खापर वर बसवा. बाबाच्या डोक्यावर खरं खापर, त्याच्यावून चांगलं काय हाय?

साचेबंद

हे म्हणजे तीन लॉक एका झटक्यात गेले. टाळू सपाट झाली तर मागचा तुकडाही एकच. चितारओळ, आता किती?

चितारओळ_नागपूर

सहा. चहा कुठं पाजता?

उनाड_वऱ्हाडी

वाचनखूण साठवली. दर्यापूरकर, पत्रे खोचलेल्या डोक्याचा फोटो टाकाच.

दर्यापूरकर

रविवारी पत्रे लावतो. कोल्ड्रिंकचे डबे गावात मिळेनात, पानटपरीवाल्याला सांगून ठेवलंय. कलाशिक्षक सर, मूळ मातीला साबण लावायचा की नाही?

कलाशिक्षक_निवृत्त

ओल्या मातीला काही लावायचं नाही. प्लास्टर तिला धरत नाही. फक्त पत्र्यांना तेलाचं बोट फिरवा, आणि पहिला निळा थर हाताने न लावता बोटांनी उडवा, खालून वर, म्हणजे दाढीच्या फटीतली हवा निघत जाते. फटीत फुंकर मारली तर अजून उत्तम. चेहऱ्यावर उडेल, डोळे सांभाळा.